वेगाचं कौतुक नको, दारांचं बोला

"नव्या गाड्यांचा वेग जास्त, त्यामुळे गर्दी कमी होईल" हे शहरातल्या नव्या रेल्वेगाड्यांवरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. स्टेशनं दोन-दोन मिनिटांवर असतील तर गाडी टॉप स्पीड गाठणार कधी (पिकअप चांगला असेल तर थोडा फायदा, मान्य). खरा वेळ जातो दारात, आतले उतरायच्या आधीच बाहेरचे घुसतात, कुणाची तरी बॅग अडकते, दार परत उघडतं आणि मागची गाडी सिग्नलला उभी. दर 3 मिनिटांना एक म्हटलं तरी तासाला 20च गाड्या, त्यात प्रत्येक थांबा थोडाथोडा लांबला की टाइमटेबलचे तीनतेरा!

डब्याला दारं किती, केवढी रुंद, यावर लेखात अवाक्षर नाही. आणि शेवटच्या स्टेशनला गाडी परत फिरवायला प्लॅटफॉर्मच रिकामा नसेल तर नवे रेक (डब्यांचे जोडलेले संच, म्हणजे अख्ख्या गाड्या) काय कारशेडमध्ये शोभेला ठेवणार?