कट-ऑफ संपेपर्यंत शर्यत सुरूच असते

हाफ मॅरेथॉनचे 21.0975 किलोमीटर अंतर पूर्ण करायला मला साधारण 2 तास 50 मिनिटे लागतात. गेल्या नऊ वर्षांत मी रस्त्यावरच्या बऱ्याच शर्यती धावले आणि जवळपास प्रत्येक निकालात माझे नाव शेवटच्या दोन पानांवर होते. त्याविषयी माझी तक्रार नाही, कारण मी ज्या वेगाने सराव करते त्याच वेगाने धावते. परंतु शर्यतीच्या मागच्या टोकाला जे घडते ते पुढच्या टोकाला असलेल्यांना, आणि बहुतेक वेळा आयोजकांनाही, दिसत नाही. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझ्या तिसऱ्या हाफ मॅरेथॉनच्या माहितीपत्रकात 3 तास 15 मिनिटांची वेळमर्यादा, म्हणजे कट-ऑफ, छापलेली होती. मी 17व्या किलोमीटरला पोहोचले तेव्हा घड्याळात 2 तास 17 मिनिटे झाली होती, म्हणजे हातात जवळपास एक तास होता. मात्र पाण्याच्या टेबलावर रिकाम्या खोक्यांशिवाय काही नव्हते आणि स्वयंसेवक टेबले घडी करून टेम्पोत चढवत होते. 19व्या किलोमीटरनंतर रस्ता वाहनांसाठी खुला झालेला होता, त्यामुळे उरलेले अंतर मी आणि माझ्या मागे-पुढे असलेले दहा-बारा जण रस्त्याच्या कडेने, गाड्यांना वाट देत धावलो. शेवटच्या रेषेवरची कमान उतरवली जात होती आणि धावपटूंची वेळ नोंदवणारी टायमिंग मॅट गुंडाळून ठेवलेली होती. माझ्या घड्याळाप्रमाणे मी 2 तास 52 मिनिटांत, वेळमर्यादेच्या 23 मिनिटे आधी पोहोचले होते. संध्याकाळी लागलेल्या निकालात मात्र माझ्या बिबच्या, म्हणजे छातीवर लावायच्या कागदाच्या, क्रमांकापुढे 'अपूर्ण' अशी नोंद होती. आयोजकांना मी पत्र लिहिले, तेव्हा बहुतेक धावपटू तोपर्यंत परतले होते अशा आशयाचे उत्तर आले.

त्या उत्तरातील 'बहुतेक' या शब्दाशी माझे भांडण आहे. वेळमर्यादा ही दोन्ही बाजूंनी पाळायची गोष्ट असते. ती ओलांडली तर मला गाडीत बसवण्याचा अधिकार आयोजकांना आहे आणि तो मी मुकाट्याने मान्य करीन. पण ती संपेपर्यंत रस्ता, पाणी, वैद्यकीय मदत आणि घड्याळ चालू ठेवणे हे त्यांचे काम आहे. सर्वांकडून सारखेच प्रवेशशुल्क घेतले जाते, आणि रस्त्यावर सर्वाधिक वेळ राहणाऱ्या माणसाला या सोयींची गरज सर्वाधिक असते.

ही मर्यादा कुठून मोजायची हेसुद्धा अनेकदा स्पष्ट केलेले नसते. जागतिक अॅथलेटिक्स संघटनेच्या नियमांनुसार अधिकृत वेळ शर्यत सुरू करणाऱ्या बंदुकीचा बार झाल्यापासून मोजली जाते. आपण सुरुवातीची रेषा ओलांडल्यापासूनची, अंगावरच्या इलेक्ट्रॉनिक चिपने नोंदलेली वेळ केवळ माहितीसाठी दिली जाते. पुढे धावणाऱ्यांसाठी हे योग्यच आहे, कारण रेषेवर जो आधी पोहोचला तोच जिंकला पाहिजे. परंतु हजारो जणांच्या शर्यतीत शेवटच्या गटातील धावपटू बार झाल्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी सुरुवातीच्या रेषेवर पोहोचतो, आणि तेव्हा वेळमर्यादा बार झाल्यापासून मोजली, तर छापलेल्या 3 तास 15 मिनिटांपैकी त्याच्या हाती जेमतेम तीन तास उरतात. मर्यादा कोणतीही ठेवावी, पण ती शेवटचा धावपटू निघाल्यापासून मोजली जाणार की बार झाल्यापासून, हे नोंदणीच्या वेळीच सांगावे.

पाण्याबाबत एक गैरसमज आमच्या, म्हणजे संथ धावणाऱ्यांच्या, बाजूनेही आहे. त्या कोरड्या टेबलाच्या अनुभवानंतर मी पुढच्या काही शर्यतींत दिसेल तिथे, तहान नसतानाही, दोन-दोन ग्लास पाणी पीत असे. 2002च्या बॉस्टन मॅरेथॉनमधील 488 धावपटूंच्या रक्ताची तपासणी झाली होती आणि तिचे निष्कर्ष 2005 साली प्रसिद्ध झाले. त्यांतील 13 टक्के जणांच्या रक्तातील सोडियम धोक्याच्या दिशेने घसरलेले आढळले. शर्यतीदरम्यान ज्यांचे वजन वाढले होते, म्हणजे ज्यांनी गरजेपेक्षा जास्त द्रव घेतले होते, त्यांच्यात आणि चार तासांहून अधिक वेळ धावणाऱ्यांमध्ये हे प्रमाण अधिक होते. हे वाचल्यावर मी सवय बदलली आणि तहानेप्रमाणे पिऊ लागले. पण तहानेप्रमाणे पिण्यासाठी पुढच्या टेबलावर पाणी असेलच ही खात्री लागते. ती खात्री गेली की माणूस मिळेल तिथे पोटात साठवतो, आणि नेमका तोच मार्ग धोक्याचा आहे.

अंतराचा प्रश्नही याच विश्वासाचा आहे. एका शर्यतीत यू-टर्नचा शंकू चुकीच्या खांबाजवळ ठेवल्यामुळे आम्ही सर्वजण जवळपास 600 मीटर कमी धावलो. माझ्या आजवरच्या सर्वोत्तम वेळेची नोंद त्या दिवशीची होती आणि ती मी स्वतःच्या वहीतून खोडून टाकली; वर्षभराच्या सरावानंतर ते करताना फार वाईट वाटले. रस्त्याच्या शर्यतीचा मार्ग मोजण्याची पद्धत वास्तविक पक्की आणि जुनी आहे. पोलादी टेपने मोजलेल्या सरळ रेषेवर सायकल चालवून चाकाच्या फेऱ्यांचे प्रमाण काढतात, मग मार्गावरील सर्वांत जवळच्या रेषेने, वळणांवर कडेपासून 30 सेंटिमीटर अंतर ठेवून, ती सायकल नेतात. मार्ग कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरमागे एक मीटर जादा धरतात, म्हणजे हाफ मॅरेथॉनला सुमारे 21 मीटर. तापमानाप्रमाणे टायरमधील हवेचा दाब बदलतो, म्हणून मोजणी संपल्यावर सायकल पुन्हा त्याच सरळ रेषेवर तपासतात. (घड्याळात 21.4 किलोमीटर दिसले म्हणून आयोजकांवर रागावणाऱ्या मित्रांनी हे जरूर वाचावे. आपण वळणे रुंद घेतो आणि जीपीएसही थोडे चुकते.) इतक्या काळजीने मोजलेला मार्ग एका शंकूने बिघडतो, आणि त्या शंकूपाशी नकाशा हातात घेतलेला एक जबाबदार माणूस उभा केला तर तो बिघडत नाही.

धावपटूंनीही काही गोष्टी पाळायला हव्यात. अपेक्षित वेळ खोटी लिहून पुढच्या गटात उभे राहिल्याने मागून वेगाने येणारे अडखळून पडतात. एकदा आयत्या वेळी येऊ न शकलेल्या मैत्रिणीचे बिब लावून मी स्वतः धावले होते. त्या क्रमांकावर तिचा रक्तगट आणि तिच्या घरचा दूरध्वनी नोंदलेला होता. मी कोसळले असते तर डॉक्टरांच्या हाती दुसऱ्याच बाईची माहिती पडली असती. ती चूक मी पुन्हा केलेली नाही.

हे सारे नीट करता येते, हे मी पाहिलेले आहे. दोन वर्षांपूर्वीच्या एका शर्यतीत सर्वांच्या मागून एक गाडी बरोबर वेळमर्यादेच्या वेगाने येत होती आणि ती पुढे गेल्याशिवाय एकही पाण्याचे टेबल उचलायचे नाही असा नियम होता. शेवटच्या टेबलावरची शाळकरी मुलगी सकाळपासून उभी होती, तरी माझ्या बिबवरचे नाव वाचून तिने हाक मारली आणि ग्लास अर्धाच भरून दिला, धावताना सांडू नये म्हणून. त्या दिवशी मी 2 तास 54 मिनिटांत पोहोचले. रेषेवरचे घड्याळ चालू होते आणि निकालात माझी वेळ होती.

आता कोणत्याही शर्यतीत नाव नोंदवण्याआधी मी आयोजकांना दोन प्रश्न लिहून पाठवते. मार्ग कोणत्या पद्धतीने मोजला आहे आणि शेवटचे पाण्याचे टेबल किती वाजेपर्यंत चालू राहील? पुढील महिन्यातील शर्यतीच्या आयोजकांनी पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच दिवशी, मोजणीच्या प्रमाणपत्रासह पाठवले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अजून आलेले नाही, आणि ते येईपर्यंत मी नोंदणी केलेली नाही.