पाट भंगारात द्या, लर्निंग कॉर्नर आणा

घरात दोन-अडीच वर्षांचं मूल आहे आणि अजून लर्निंग कॉर्नर, म्हणजे मुलाने खेळत खेळत शिकायचा खास कोपरा, नाही? मग करताय काय तुम्ही, नुसतंच वाढवताय? असो, अजून वेळ गेलेली नाही. आमचा डोंबिवलीतला वन बीएचके, त्यात आम्ही दोघं, सासू-सासरे आणि कन्या, एवढ्यात कॉर्नर निघतो तर तुमच्याकडे निघायलाच पाहिजे.

सुरुवात माळ्यावरून करायची. पाट काढा आणि भंगारवाल्याला देऊन टाका. मूल पाटावर मांडी घालून बसलं तर ते आपलं गावठी राहतं, पण तेच मूल तेवढ्याच उंचीच्या 'फ्लोअर सीट'वर बसलं की इंडिपेंडंट होतं, हे आधी नीट समजून घ्या. आमच्याकडे सासऱ्यांच्या लग्नातला शिसवी पाट होता, पितळी फुल्या ठोकलेला. भंगारवाल्याने उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, लाकडाचं काय देणार ताई, पितळेचे वीस रुपये घ्या. घेतले. फ्लोअर सीट आणि टेबलाचा सेट चार हजार दोनशेला आला, पाइनवुडचा, स्क्रू आपणच पिळायचे. सासरे त्या सेटकडे बघून एवढंच म्हणाले, "पाटच आहे की." जुन्या लोकांना नाही कळत.

झोपायचंही तसंच बरं का. आपण पिढ्यान्‌पिढ्या जमिनीवर गाद्या घातल्या, मग हप्त्यावर बेड घेतला, आता मुलासाठी 'फ्लोअर बेड' घ्यायचा, म्हणजे जमिनीवर गादी आणि भोवती चार फळ्या. पैसे त्या फळ्यांचे असतात.

मग भिंत. एका भिंतीला काळा ब्लॅकबोर्ड पेंट मारून घ्या. आता गंमत अशी की मुलांनी आपलं आपण शिकावं हे सांगणाऱ्या इटलीच्या मारिया मॉन्टेसरी बाईंनी रोमच्या सॅन लोरेंझो नावाच्या गरीब वस्तीत १९०७ साली पहिलं बालगृह काढलं त्यामागे घरमालकांची एक साधी अडचण होती, इमारती नव्याने दुरुस्त केलेल्या, आईबाप दिवसभर कामावर, आणि मागे पोरं जिने-भिंती खराब करून ठेवायची, म्हणून पोरांना कुठेतरी एका खोलीत गुंतवून ठेवायचं होतं. म्हणजे हे सगळं मुळात भिंती वाचवायला सुरू झालं आणि आपण पेंटरला पैसे देऊन भिंत काळी करून घेतोय. पण तुम्ही एवढ्या खोलात जाऊ नका. आमच्या काळ्या भिंतीवर सध्या सिलेंडर लावल्याची तारीख आणि इस्त्रीवाल्याचा हिशोब आहे. कन्या कपाटाच्या मागच्या फटीत लिहिते, ती जागा तिची तिने शोधली. इंडिपेंडंट!

खाली जमिनीवर फोमचे ते एकमेकांत अडकणारे तुकडे हवेतच, ए टू झेड आणि शून्य ते नऊ, एकूण छत्तीस. फरशी पुसायला मावशी येतात तेव्हा ते छत्तीस उचलायचे, वाळवायचे, परत जोडायचे. दुसऱ्याच दिवशी मावशी म्हणाल्या, "ताई, हे रोज असेल तर दोनशे वाढवा." वाढवले. मावशींना इंग्रजी येत नाही, त्यामुळे त्या बसतील तसे बसवतात, आणि कन्येला आज एबीसीडी पाठ आहे पण मावशींच्या क्रमाने. ए, टी, सात, एम. पाहुण्यांसमोर म्हणायला लावू नका.

आता खरी गोष्ट, ॲक्टिव्हिटी. यात अजिबात कसूर नको. थंडीत एका संध्याकाळी सासूबाई परातीत मटार सोलत बसलेल्या, कन्या त्यांच्या मांडीला टेकून, एकेक शेंग दोन्ही अंगठ्यांनी दाबून उघडायची आणि बोट लावून मोजायची, "आजी यात पाच, यात तीन, यात अळी." अळी निघाली की दोघी मिळून तिला खिडकीतल्या कुंडीत सोडून यायच्या. असं कितीतरी वेळ चाललं होतं. माझं घड्याळाकडे लक्ष गेलं, साडेसहा! मी तिला उचललं, म्हटलं चला बाई, आपली फाइन मोटरची, म्हणजे बोटांच्या बारीक कामाची, वेळ झाली, आणि कॉर्नरमध्ये नेऊन लाकडी शेंग दिली, तिच्यात कापडाचे पाच मटार असतात, ते काढायचे आणि परत बसवायचे, सहाशे पन्नास रुपये. तिने एक चावून बघितला आणि तिथूनच ओरडली, "आजी, हा खराब निघाला!"

तारीख टाकून फोटो मात्र काढलाय.

कुणी तुम्हाला बालशिक्षणातल्या ताराबाई मोडकांचं उदाहरण देईल, की त्यांनी १९४५ साली बोर्डीत आदिवासी मुलांसाठी काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडला, आणि आसपास मिळणाऱ्या शंखशिंपल्यांवर, बियांवर, दगडांवर मुलांना शिकवलं. बरोबर आहे, पण त्यांच्या दारात पार्सलवाला येत नव्हता, त्या तरी काय करणार. आपण तेच शंखशिंपले 'नॅचरल लूज पार्ट्स' म्हणून पाकिटातून मागवू शकतो. सासूबाईंनी चिंचोके धुऊन बरणीत भरून ठेवले होते, म्हणाल्या, हिला खेळायला होतील. मी म्हटलं, आई, घशात अडकतील. लूज पार्ट्सच्या पाकिटावरही तीन वर्षांखालील मुलांना देऊ नये असंच लिहिलंय, पण ते इंग्रजीत लिहिलंय, फरक असतो.

टॉय रोटेशन करायला विसरू नका, म्हणजे आठ खेळणी बाहेर आणि बाकीची बेडखाली, आणि अधूनमधून अदलाबदल. आमच्या बॉक्सबेडवर दुपारी सासूबाई आडव्या होतात, त्यांचे गुडघे दुखतात, त्यांना उठवून प्लाय उचलणं बरं दिसत नाही, त्यामुळे आमचं रोटेशन गेले चार महिने एकाच जागी फिरतंय.

आणि शेवटी तो चढायचा लाकडी त्रिकोण, पिकलर ट्रँगल. एमी पिकलर या हंगेरीच्या बालरोगतज्ज्ञ. मुलाला धरून बसवू नका, हात धरून चालवू नका, त्याचं ते करेल, असं त्यांचं सांगणं. आमच्याकडे कन्या त्रिकोणावर चढायला लागली की एक जण डावीकडून धरतो, एक उजवीकडून, आणि सासरे खाली उशी घेऊन उभे राहतात. तिसऱ्या दिवसापासून ती सोफ्याच्या पाठीवर चढते, तिथे कुणी येत नाही.

तर कॉर्नर आता आम्ही विकायला काढलाय. टेबल, सीट, शेंग, छत्तीस तुकडे (ए थोडा चावलेला आहे). जाहिरातीत 'नव्यासारखं, वापर कमी' हे लिहिताना एरवी हात जरा कचरतो, या वेळी अजिबात नाही कचरला. काल एक जोडपं बघायला आलं, सहा महिन्यांचं बाळ कडेवर, सगळं पसंत पडलं त्यांना, फक्त विचारत होते त्रिकोण पण देणार का. त्रिकोण नाही म्हटलं. पावसाळा तोंडावर आलाय आणि त्याच्यावर सात टॉवेल वाळतात.