एकच प्यादं आहे म्हणून सोपं? अजिबात नाही

‘रूट’ या बोर्डगेमबद्दलचा एक मेसेज सध्या इंदूरमधल्या प्रत्येक गेमिंग ग्रुपवर फिरतोय. पाच मुद्दे, आणि वर ठळक मथळा : ‘पहिल्यांदा खेळताय? डोळे मिटून व्हॅगाबाँड घ्या.’ व्हॅगाबाँड ही खेळातली एक बाजू. मी तो वाचून सोडून देत होते. पण मग तो आमच्या घरच्या ग्रुपवर आला. भाऊजींनी टाकला, ‘तुझ्याच खेळाबद्दल आहे, बघ’ असं लिहून. त्याच्या आदल्याच शनिवारी विजय नगरातल्या एका कॅफेत याच मेसेजच्या भरवशावर माझ्या भाचीच्या गळ्यात पहिल्याच डावात व्हॅगाबाँड मारला गेला होता. मुलगी अकरावीत आहे, बुद्धिबळ बरं खेळते, पत्त्यांत तर मला हरवतेच. घरी येऊन म्हणाली, “मावशी, बाकीचे आपसात लढत होते आणि मी नुसती रानात हिंडत होते. मला करायचंय काय, तेच शेवटपर्यंत कळलं नाही.” आता ‘रूट’ बोअर आहे असं तिचं पक्कं मत झालंय, आणि ते बदलायला मला किती रविवार लागतील कोण जाणे.

ज्यांनी खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘रूट’ २०१८ साली लेडर गेम्सने काढला, रचना कोल वेर्ले यांची. एक जंगल, त्यात १२ मोकळी रानं, ज्यांना सगळे क्लिअरिंग म्हणतात. मूळ डब्यात चार बाजू : मार्कीजची मांजरं, आयरीचे पक्षी, वुडलँड अलायन्सचे बंडखोर आणि एकटा भटकणारा व्हॅगाबाँड. आधी ३० पॉइंट करील तो जिंकला. खरी गंमत, आणि खरी डोकेदुखी, ही की चौघांचे नियम वेगवेगळे. त्यामुळे नव्या माणसाच्या हातात कोणती बाजू द्यायची, हा प्रश्न फालतू नाही.

मेसेज म्हणतो : एक, व्हॅगाबाँड सर्वांत सोपा, कारण प्यादं एकच, सैन्य नाही, जागा राखायची नाही. दोन, मांजरं कमकुवत आणि कंटाळवाणी, नवख्याला देऊ नका. तीन, आयरी नवख्याला झेपणारच नाही. चार, अलायन्स मिळाली तर गप्प बसा, शेवटी आपोआप जिंकाल. पाच, दुसऱ्यांचे नियम वाचायची गरज नाही, आपला बोर्ड वाचला की झालं. आणि तळाला : ‘दोघंच असाल तर एकाने मांजरं, एकाने व्हॅगाबाँड.’

पहिल्या मुद्द्यावरच मी जास्त बोलणार आहे, कारण नुकसान तिथेच होतं.

प्यादं एक आहे, कबूल. पण व्हॅगाबाँड खेळणारा माणूस प्यादं सांभाळत नाही, सामान सांभाळतो. बूट, तलवार, मशाल, हातोडा, क्रॉसबो, चहाची किटली, नाणी, पिशवी. यातली प्रत्येक वस्तू एकतर वापरायला तयार असते, नाहीतर वापरून पालथी पडलेली असते, आणि मार बसला की मोडलेल्यांच्या रांगेत जाते. चालायला बूट खर्च. लढायला तलवार खर्च. पडक्या अवशेषांत शोध घ्यायला मशाल खर्च. पाळीच्या सुरुवातीला तीन वस्तू परत सुलट्या करायच्या, सुलटी किटली असेल तर दर किटलीमागे आणखी दोन. म्हणजे ‘या पाळीत मी काय करू शकतो’ या साध्या प्रश्नाचं उत्तर काढायलाही बेरीज-वजाबाकी करावी लागते, आणि ‘पुढच्या पाळीत काय करू शकेन’ याला त्याहून जास्त.

त्यावर टेबलावरच्या प्रत्येक बाजूशी वेगळं नातं. मदत म्हणून पत्ता द्यायचा, तोही ज्या क्लिअरिंगमध्ये उभे आहात त्याच्या जातीचा (क्लिअरिंगच्या जाती तीन, कोल्हा, ससा आणि उंदीर; पत्त्यांत चौथी पक्ष्याची, ती कुठेही चालते). आधी एक, पुढच्या पायरीला दोन, त्यापुढे तीन पत्ते, प्रत्येक पायरीचे एकाच पाळीत, दिले की मैत्री पक्की. पण कोणाचा एक जरी वॉरियर, म्हणजे सैनिक, मारलात तर ती बाजू शत्रू. मग तिच्या सैनिकांमध्ये शिरायला एक बूट जास्त, आणि पत्ते देऊन ते नातं पुन्हा सुधारत नाही. आता सांगा, कोणाशी मैत्री करायची आणि कोणाशी वैर, हे ठरवण्यासाठी काय लागतं? कोण पुढे जाणार, कोण कोणती वस्तू बनवणार, कोणाच्या हातात कसले पत्ते असतील, याचा अंदाज. हा अंदाज चारही बाजू खेळून झालेल्या माणसाला येतो. पहिल्यांदा बसलेल्या पोरीला कुठून येणार?

‘जागा राखायची नाही म्हणजे सोपं’ हे तर इंदूरच्या माणसाने तरी म्हणू नये. पेंढाऱ्यांचा भर ना किल्ल्यांवर होता ना ठाण्यांवर. तरी १८१७ मध्ये गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्जला त्यांच्या बंदोबस्तासाठी लाखावर फौज माळव्याभोवती आणावी लागली, आणि त्याच धामधुमीत महिदपूरची लढाई आणि मंदसौरचा तह होऊन होळकरांचं राज्य इंग्रजांच्या छत्राखाली गेलं. बिनठाण्याच्या माणसाला मुलूख सगळ्यांपेक्षा जास्त माहीत असावा लागतो, नाहीतर तो लुटणार कुठे आणि पळणार कुठे?

आणि मला सर्वांत जास्त चीड येते ती याची. ‘रूट’चा कणा आहे ताबा. ज्या क्लिअरिंगमध्ये तुमचे वॉरियर आणि इमारती मिळून सर्वांत जास्त, तिथे तुमचा ताबा. आणि हलायचं असेल तर निघताना तरी किंवा पोचताना तरी ताबा तुमचा हवा. लढाया, रस्ते, नाकेबंदी, सगळं यातून निघतं. व्हॅगाबाँडला हा नियमच लागू नाही! तो कुठूनही कुठेही जातो, आणि त्याचं प्यादं ताब्याच्या मोजणीत धरलंच जात नाही. म्हणजे पहिल्या डावात नव्या माणसाला तुम्ही नियमाच्या आधी अपवाद शिकवता. पुढच्या खेपेला तो मांजरं घेऊन बसला की त्याला पहिल्यापासून सुरुवात, वर ‘मागच्या वेळी तर मी असं हललो होतो’ हा गोंधळ वेगळा.

शिवाय व्हॅगाबाँडला मारून कोणाला काही मिळत नाही. इमारत किंवा टोकन काढलं तर पॉइंट मिळतो. व्हॅगाबाँडची तलवार मोडली तर शून्य. म्हणून जाणकार टेबलसुद्धा त्याला आळसापोटी सोडून देतं. खेळणारा मुरलेला असेल तर तो त्या आळसाचा फायदा घेऊन डाव मारतो. नवखा असेल तर त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. भाचीचं अगदी तेच झालं. कॅफेतल्या एका मुलाने तिला म्हणे समजावलं, “भिया, टेन्शन नहीं, तेरे को कोई मारेगा नहीं.” बरोबर. मारलं नाहीच. तीन तास तिला कोणी काही केलंच नाही.

तळाची ती ‘दोघंच असाल तर’ची ओळ. इथे मला वाद घालायचीही गरज नाही, डब्यातलं नियमपुस्तक पुरेसं आहे. ‘लॉ ऑफ रूट’ची माझ्याकडची प्रत आहे तिच्यात प्रत्येक बाजूला एक ‘रीच’चा आकडा दिलाय, म्हणजे ती बाजू पटावर किती पसरते, दुसऱ्यांच्या वाटेत किती येते, त्याचं माप. मांजरं १०, आयरी ७, व्हॅगाबाँड ५, अलायन्स ३. आणि किती खेळाडूंना बेरीज किमान किती हवी तेही दिलंय : दोघांना १७, तिघांना १८, चौघांना २१. आता करा बेरीज. मांजरं आणि व्हॅगाबाँड, १५. बसत नाही. मूळ डब्यातली दोघांची एकच जोडी १७ ला पोचते, मांजरं आणि आयरी. ज्यांनी खेळ बनवला त्यांनी छापून दिलेली गोष्ट आहे ही. मेसेज लिहिणाऱ्याने ते पान उघडलं नसावं, आणि पुढे ढकलणाऱ्यांनी तर डबासुद्धा उघडला नसेल.

या आकड्यांतून आणखी एक कळतं. रीच जास्त म्हणजे ती बाजू दुसऱ्यांशी सतत भिडते. नव्या माणसाला शिकायचं असेल तर भिडायलाच हवं.

आता मांजरं. ‘कमकुवत’ या शब्दात थोडं खरं आहे, आणि ते मला नाइलाजाने मान्य करावं लागतंय. मुरलेल्या टेबलावर मांजरं मागे पडतात. सुरुवातीला १२ पैकी ११ क्लिअरिंगमध्ये त्यांचा एकेक वॉरियर उभा असतो, फक्त त्यांच्या किल्ल्याच्या कर्णावरचा समोरचा कोपरा सोडून. दिसायला साम्राज्य, प्रत्यक्षात सगळीकडे एकटा पहारेकरी. जो तो येऊन लचका तोडतो. नवखा माणूस सगळी ११ वाचवायला धावतो आणि कुठलंच वाचत नाही.

पण हा दोष एका वाक्यात सांगून टळतो : किल्ल्याच्या आसपासची चार-पाच धर, बाकीची जाऊ दे. आणि त्याबदल्यात काय मिळतं ते बघा. पाळीला तीन कामं, हवं तर पक्ष्याचा पत्ता टाकून आणखी एक. सॉमिलवर, म्हणजे लाकडाच्या गिरणीवर, लाकूड येतं, ताब्यातल्या जोडलेल्या क्लिअरिंगमधून ते वापरून इमारत बांधायची, बांधली की पॉइंट. पुढची इमारत महाग पडते. कारण आणि परिणाम दोन्ही डोळ्यांसमोर. रस्ता तुटला तर लाकूड पोचत नाही, आणि का पोचत नाही हे पटावर बघून कळतं. ताबा शिकायला याहून चांगली जागा नाही. ‘कंटाळवाणी’ म्हणणाऱ्यांनी कधी आयरीची फौज किल्ल्याच्या दारात आलेली असताना, शेवटच्या सॉमिलसाठी हातातला पत्ता टाकावा की मेलेले वॉरियर फील्ड हॉस्पिटलमधून परत आणावेत, हे ठरवलेलं दिसत नाही.

आयरी ‘झेपणारच नाही’? भीती टर्मॉइलची, म्हणजे सरकार कोसळण्याची आहे. पक्ष्यांना दर पाळीला डिक्रीत, म्हणजे फर्मानात, एक किंवा दोन पत्ते घालावेच लागतात, आणि त्यात लिहिलेलं सगळं डावीकडून उजवीकडे करावंच लागतं : भरती, चाल, लढाई, बांधकाम. एक जरी जमलं नाही तर सरकार पडतं, डिक्रीतल्या प्रत्येक पक्षी-पत्त्यामागे एक पॉइंट जातो, नेता बदलतो. ऐकायला भयंकर आहे. पण नव्या माणसाचा मुख्य प्रश्न ‘आता मी काय करू?’ हा असतो, आणि आयरीचा बोर्ड त्याचं उत्तर स्वतःच देतो. दर पाळीला एकच पत्ता घालायचा, आणि घालण्याआधी ‘हे मला दोन पाळ्यांनंतरही जमेल का’ एवढं विचारायचं. सरकार एकदा पडलं तरी डाव संपत नाही. माझी दुसरी पसंती आयरीलाच, विशेषतः ज्याला बुद्धिबळासारखा पुढचा विचार करायची सवय आहे त्याला. भाचीला खरं तर तीच द्यायला हवी होती.

अलायन्सबद्दल ‘गप्प बसा’ हा सल्ला उलट्या दिशेचा आहे. पटावर तळ नसेल तर समर्थकांच्या गठ्ठ्यात पाचच पत्ते मावतात, वरचे फेकून द्यावे लागतात. गप्प बसाल तर पत्ते जाळत बसाल. अलायन्सने सहानुभूतीची टोकनं पसरायची, लोकांना त्यांच्यावर पाय ठेवायला लावायचं, आणि बंड करायचं. आपोआप काही होत नाही.

आणि ‘दुसऱ्यांचे नियम वाचू नका’. मांजरांच्या खेळाडूने सहानुभूती असलेल्या क्लिअरिंगमध्ये वॉरियर नेला की त्याला त्या जातीचा एक पत्ता अलायन्सला द्यावा लागतो. हे त्याच्या स्वतःच्या बोर्डावर कुठेही लिहिलेलं नाही. त्याच्या हातातून पत्ता जाईल तेव्हा त्याला वाटेल आपल्याला फसवलं. चौघांचे सगळे नियम पाठ करा असं मी म्हणत नाही. पण प्रत्येकाला पॉइंट कशाचे मिळतात आणि त्याच्या वाटेला गेलं की काय होतं, एवढं पट मांडतानाच दहा मिनिटांत सांगून टाकावं.

तर भाऊजी, आणि ज्यांनी ज्यांनी तो मेसेज पुढे ढकललाय ते सगळे : तिघं असाल आणि त्यात एक नवखा असेल, तर त्याला मांजरं द्या, आयरी ज्याने नियमपुस्तक वाचलंय त्याला, अलायन्स तिसऱ्याला. बेरीज २०, हवेत १८. व्हॅगाबाँडचं प्यादं डब्यातच राहू दे, अवशेष पटावर मांडा पण त्यांच्याखाली वस्तू ठेवू नका. नव्या माणसाच्या शेजारी बसणाऱ्याने ‘इथून हलता येणार नाही, कारण दोन्हीकडे ताबा पक्ष्यांचा आहे’ एवढंच सांगावं. कुठे हलायचं ते सांगू नये.