‘नाव आपोआप आलं म्हणजे टोकन अस्सल’ : हा फॉरवर्ड पुढे ढकलण्याआधी

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला सांगलीतल्या तीन ग्रुपवर आला. एक कॉलेजच्या मित्रांचा, एक सोसायटीचा आणि तिसरा चक्क बेदाण्याच्या सौद्यांचे भाव टाकायला काढलेला. विषय यूएसडीटीचा, म्हणजे टिथर कंपनीच्या, डॉलरच्या भावाशी बांधलेल्या क्रिप्टो टोकनचा. ते घ्यायची-विकायची साईट म्हणजे एक्स्चेंज, आणि आपल्या नावावरचं दाखवणारं अ‍ॅप म्हणजे वॉलेट. मजकूर थोडक्यात असा : “एक्स्चेंजवरून काढलेलं यूएसडीटी वॉलेटमध्ये दिसत नसेल तर घाबरू नका. ‘इम्पोर्ट टोकन’मध्ये खालचा पत्ता पेस्ट करा, टोकन जमा होईल. नाव आणि चिन्ह आपोआप आलं म्हणजे टोकन अस्सल. शेजारी डॉलरमध्ये किंमत दिसली की कधीही विकता येतं. विकताना ‘अप्रूव्ह’ आलं तर बिनधास्त दाबा, त्यात पैसे जात नाहीत.” खाली एक पत्ता आणि हात जोडलेले इमोजी.

यातलं ‘घाबरू नका’ तेवढं बरोबर आहे.

आधी ‘जमा होईल’ बघू. जमा काहीच होत नाही, कारण टोकन वॉलेटमध्ये राहतच नाही. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवातली (जमिनीखालच्या कोठारातली) हळद आठवा. माल पेवात, आणि कुणाची किती पोती ते वहीत. टोकनच्या बाबतीत तर पेवही नाही, नुसती वहीच. ती वही म्हणजे ब्लॉकचेनवरचा (अनेक संगणकांवर मिळून ठेवलेल्या नोंदींवरचा) कॉन्ट्रॅक्ट नावाचा प्रोग्रॅम, आणि तिथे तुमच्या पत्त्यासमोर एक आकडा असतो. इम्पोर्ट केलं की वॉलेट त्या वहीला एवढंच विचारतं, की याच्या नावावर किती? म्हणून इम्पोर्टला फी पडत नाही आणि सहीही लागत नाही. त्यासाठी कुणी फी किंवा वॉलेटची चावी असलेले रिकव्हरीचे बारा शब्द मागितले, तर तो चोर समजा. ‘नुसतं अ‍ॅड केलं तरी वॉलेट रिकामं होतं’ असा उलटा मेसेजही फिरतो, तोही तितकाच खोटा. आणि टोकन दिसत नाही याचं कारण बहुतेक वेळा साधं असतं : पैसे बीएनबी चेनवर पाठवलेत आणि वॉलेट इथेरियमवर उघडलंय (ही दोन वेगळी ब्लॉकचेन). दोन्हीकडे तुमचा पत्ता एकच दिसतो, पण वह्या वेगळ्या.

आता खरी गोम. नाव आणि चिन्ह. ईआरसी-२० हे मानक, म्हणजे इथेरियमवरची टोकन कशी असावीत याचे नियम, फेबियन फोगेलस्टेलर आणि व्हिटालिक बुटेरिन यांनी २०१५ मध्ये मांडलं. त्यात नाव, चिन्ह आणि दशांश (आकड्यात टिंबानंतर किती घरं) या तिन्ही गोष्टी ऐच्छिक आहेत, आणि नाव दुसऱ्या कुणाचं नसावं अशी अटच नाही. विश्रामबागेत घरी बसून मी आज संध्याकाळी ‘यूएसडीटी’ नावाचं टोकन काढू शकतो. तुम्ही त्याचा पत्ता पेस्ट केलात की वॉलेट इमानदारीत तेच नाव दाखवेल, कारण कॉन्ट्रॅक्ट सांगेल ते वाचणं एवढंच त्याचं काम. पोत्यावर ‘राजापुरी’ लिहिलंय म्हणून मार्केट यार्डात कुणी बोली लावत नाही, आत हात घालून हळद बघतात. इथे हात घालायची जागा एकच, ती म्हणजे ४२ अक्षरांचा कॉन्ट्रॅक्टचा पत्ता.

फॉरवर्डमधला पत्ता मी इथरस्कॅनवर, म्हणजे इथेरियमच्या वहीतल्या नोंदी दाखवणाऱ्या ‘एक्सप्लोरर’ साईटवर, टाकून पाहिला. नाव टिथरचं, पत्ता भलताच. खरा पत्ता टोकन काढणाऱ्यांच्या अधिकृत साईटवरून घ्यायचा, तीही स्वतः टाइप करून उघडायची (सर्चमध्ये वर येणाऱ्या जाहिरातीवरून नव्हे), आणि मग एक्सप्लोररवर पडताळायचा. दशांशावरून परीक्षा करू नका. इथेरियमवरच्या यूएसडीटीचे दशांश ६ आहेत, बीएनबी चेनवरच्याचे १८, आणि नकली टोकनवाला हवा तो आकडा ठेवू शकतो.

पत्त्याची पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं जुळली की झालं, असंही काही जण म्हणतात. मे २०२४ मध्ये एकाने अशाच दिसायला सारख्या पत्त्यावर सुमारे १,१५५ रॅप्ड बिटकॉइन (इथेरियमवर चालणारं, बिटकॉइनच्या किमतीचं टोकन) पाठवले. किंमत जवळजवळ ६ कोटी ८० लाख डॉलर. चोराने पुढे बरेचसे परत केले, हे त्याचं नशीब. तो पत्ता टोकनचा नव्हता, पैसे घेणाऱ्याचा होता. पण डोळा फसतो तो तसाच.

शेजारी दिसणाऱ्या डॉलरमधल्या किंमतीबद्दल फार लिहीत नाही. बाजारात एखाद-दुसरा व्यवहार स्वतःच घडवून कितीही भाव दाखवता येतो. २०२१ मध्ये ‘स्क्विड गेम’ मालिकेच्या नावावर काढलेलं स्क्विड टोकन २,८०० डॉलरच्या वर गेलं होतं, आणि घेणाऱ्यांना विकताच येत नव्हतं.

राहिलं ‘अप्रूव्ह’. ‘त्यात पैसे जात नाहीत’ हे, गॅस फी (ब्लॉकचेनवरच्या व्यवहाराची फी) सोडली तर, अक्षरशः खरं आहे, म्हणूनच सगळ्यात घातक. अप्रूव्ह म्हणजे तुमचं टोकन हलवायची दुसऱ्याला दिलेली परवानगी, एक कुलमुखत्यारपत्रच. सही करता त्या क्षणी जमीन जात नाही. नंतर तुम्हाला न विचारता जाते. मर्यादा बहुतेक वेळा ‘अमर्याद’ भरलेली असते. त्यातली खरी चलाखी अशी, की कुणीतरी वॉलेटमध्ये फुकट टाकलेलं टोकन विकायला म्हणून तुम्ही साईटवर जाता आणि परवानगी मागितली जाते ती तुमच्या खऱ्या यूएसडीटीची. म्हणून त्या स्क्रीनवर तीन गोष्टी वाचायच्या : कुठलं टोकन, किती, कुणाला. टोकन वॉलेटमधून लपवलं किंवा साईट डिस्कनेक्ट केली तरी परवानगी उठत नाही. ती वेगळा व्यवहार करून, थोडी गॅस फी भरून रद्द करावी लागते. पैसे गेलेच असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा.

हे सगळं मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचं लगेच उत्तर आलं, “बाळा, मग खरा पत्ता तूच टाक की इथं.” टाकला नाही. खाली जाऊन त्यांच्याच फोनवर साईट उघडून दिली आणि म्हटलं, “काका, आता तुम्हीच शोधा.”