अंगठा नाही भाऊ, आमची वही फुटली

नमस्कार भाऊ,

तुमचा एक स्टारवाला रिव्ह्यू रविवारी रात्री शटर ओढता ओढता वाचला. आधी राग आला, खोटं काऊन सांगू. पोट्ट्याला म्हटलं, लिही याले उत्तर, ‘अठरा वर्षं झाली दुकानाला, अंगठा सरकार मागते, आम्ही नाही.’ त्यानं टाइपही केलं. मग तुमची शेवटून दुसरी ओळ परत वाचली आणि त्याला सगळं पुसायला लावलं. उत्तराला चार दिवस लागले ते त्यामुळं.

तुम्ही लिहिलंय की खताच्या एका थैलीसाठी इथं आधार, अंगठा आणि मोबाइल नंबर घेतात. 81 कोटी लोकांचा डेटा फुटला, त्यात असले दुकानदारच सामील. तुमच्या बाबांना रोज कर्जाचे फोन येतात. आणि ती ओळ: ‘फोनवरची बाई बाबांना चष्मेवाले काका म्हणते.’ युरियासोबत लिंकिंग करता, म्हणजे दुसरा माल घ्यायला लावता, हेही लिहिलंत. त्यावर दुकानात बोलू, भांडायचं असेल तर भांडू. आज त्या ओळीबद्दल सांगायचं आहे, पण आधी अंगठ्याचं.

81 कोटींचा जो व्हिडिओ आपल्या गावाच्या ग्रुपवर फिरून राहिला, ती बातमी ऑक्टोबर 2023 ची आहे. साडेएक्क्याऐंशी कोटी भारतीयांची आधार-पासपोर्टची माहिती कोणीतरी इंटरनेटवर विकायला काढली, असं तेव्हा एका अमेरिकन कंपनीनं सांगितलं होतं. त्याआधी 2021 मध्ये एका पिझ्झावाल्या साखळीच्या 18 कोटी ऑर्डरी फुटल्या, नंबर टाकला की पत्ता दिसायचा. 2024 मध्ये एका आरोग्य विमा कंपनीचे 3 कोटी 10 लाख ग्राहकांची माहिती टेलिग्रामवर आली. पिझ्झा आपल्या गावात येत नाही, म्हणून तेव्हा कोणी काही बोललं नाही. आधार आलं तसा गाव हलला.

लोक घाबरले ते कसे, ते मी काउंटरवरून पाहिलं. मशीनवर बोट ठेवायच्या आधी एका आजीनं विचारलं, ‘इथं अंगठा देल्लावर वावर त नाही जाईन ना बाप्पा?’ हसू नका. आपल्याकडं अंगठा म्हटलं की सावकाराचा कोरा स्टॅम्प पेपर आठवणारी माणसं अजून जिवंत आहेत. त्यांना मशीन नवीन आहे, भीती जुनीच आहे. आजीचा अंगठा तीनदा लागला नाही. कापूस वेचून वेचून बोटाच्या रेषा राहतात कुठं? मग तिनं सगळे करतात तसा कपाळावर घासला, चौथ्यांदा लागला. बाजूला उभा एक जण मात्र ‘अंगठा देत नाही, डेटा जाते’ म्हणून परत गेला. त्याच माणसानं त्याच आठवड्यात बाजारात मोटरसायकलच्या लकी ड्रॉचं कुपन नाव, नंबर, गाव, शेती किती हे सगळं लिहून डब्यात टाकलं. मी पाहिलं.

अंगठा का घेतो ते एकदा नीट सांगतो. युरियाची 45 किलोची थैली तुम्हाला 266 रुपये 50 पैशाला पडते, तिची खरी किंमत त्याच्या कितीतरी वर आहे. वरचे पैसे सरकार कंपनीला देते. 2018 पासून देशभर नियम असा की विक्रीची नोंद पॉस मशीनवर, म्हणजे काउंटरवरच्या त्या अंगठ्याच्या मशीनवर, झाल्याशिवाय ते अनुदान निघत नाही. मशीनमध्ये तुमचा अंगठा साठत नाही. छाप तिथंच कुलूपबंद होऊन आधारच्या सर्व्हरकडं जाते आणि हा माणूस तोच की नाही, एवढंच उत्तर माघारी येते. बाबांचा अंगठा माझ्याकडं नाही, मागितला तरी मला काढता येणार नाही.

तरी तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. जमिनीच्या खरेदीखतावरचे अंगठे उचलून रबराची बोटं तयार केली, अशा केसेस दुसऱ्या राज्यांत झाल्या आहेत. तेलंगणात 2018 मध्ये अशा बोटांनी सिमकार्डं चालू केली होती. म्हणून अंगठ्याला जपलंच पाहिजे.

आता ‘चष्मेवाले’.

बाबांचं नाव इथं लिहीत नाही. त्या नावाचे गावात तिघं आहेत, तुम्हाला माहीतच आहे. एक बँडवाले, एक पाणचक्कीजवळचे, एक बाबा. उधारी एकाची दुसऱ्याच्या पानावर चढू नये म्हणून 2019 साली मी माझ्या हातानं लाल वहीत कंसात लिहिलं, चष्मेवाले. आधारवर असं काही नसते. बँकेत नसते, सातबाऱ्यावर नसते. बाबा तर आता चष्मा लावतही नाहीत. जगात हा शब्द त्यांच्या नावापुढं एकाच ठिकाणी लिहिलेला आहे आणि ती जागा माझ्या गल्ल्याच्या खालचा कप्पा आहे.

रात्री वही काढून बसलो. आठवायला फार वेळ लागला नाही.

गेल्या मे महिन्यात एका बियाण्याच्या कंपनीचा पोरगा आला होता. उन्हातून मोटरसायकलवर, चेहरा लाल झालेला. पेरणीआधी शेतकरी मेळावा घ्यायचा आहे, साहेबांनी 400 नंबरांचं टार्गेट दिलं आहे, काका मदत करा. मी माठातलं पाणी दिलं आणि वही पुढं केली. त्यानं पानं उलटत उलटत मोबाइलनं फोटो काढले. मी तोवर गिऱ्हाईक पाहत होतो. जाताना त्यानं एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. काउंटरमागं आहे ते. दहा मिनिटं मागं चालते.

सोमवारी त्याला फोन लावला. तो आता त्या कंपनीत नाही. म्हणाला, काका, यादी मी ऑफिसच्या ग्रुपवर टाकली होती, दोनशेच्या वर माणसं होती त्यात, पुढं कुठं गेली मला काय माहीत. त्याचं खरंच असेल. त्याच्यावर ढकलून मला मोकळं होता येत नाही. वही माझी होती, लोकांनी नंबर मला दिले होते, तेही उधारीसाठी. मेळाव्याला देऊ का असं मी एकालाही विचारलं नाही.

आणि त्याहून वाईट सांगतो. ज्यांना कार्ड आणायची सवय नाही अशा म्हाताऱ्या माणसांचे आधारचे 12 आकडे मी मागच्या पानांवर लिहून ठेवले होते. त्यांची चक्कर वाचावी म्हणून. त्या पानांचे फोटो निघाले की नाही, पोरगा म्हणतो नाही. मी तिथं पाहत नव्हतो, त्यामुळं त्याच्या शब्दावर तुम्ही विसंबू नका.

पोट्ट्यानं ते आकडे काळ्या मार्करनं खोडले. पान उजेडात धरलं तर मागून साफ वाचता येत होते. मग कात्रीनं पट्ट्या कापल्या आणि मायनं त्या चुलीत टाकल्या. मोबाइल नंबर आता फक्त ज्यांची बाकी आहे त्यांचेच आहेत. वहीत 412 नावं होती, त्यातल्या 260 जणांना फोन करून झालेलं सांगितलं. निम्मे लोक आमचाच फोन फ्रॉड समजून कट करतात, त्यांना बाजाराच्या दिवशी तोंडी सांगतो आहे.

पुतण्या नागपूरला असतो, त्यानं 2023 चा डेटा संरक्षण कायदा वाचून दाखवला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले, मुख्य बंधनं लागू व्हायला 18 महिन्यांची मुदत आहे. दंड 250 कोटींपर्यंत. माय म्हणाली, ‘तेवढ्यात त अख्खा तालुका येते.’ त्यात एक गोष्ट मला लागली. नुसती कागदावरची वही त्या कायद्यात येत नाही, कागदाचं डिजिटल केलं की येते. म्हणजे अठरा वर्षं ती वही साधी वही होती. त्या पोराच्या मोबाइलनं फोटो काढला, तिथंच ती दुसरं काही झाली, आणि मी अर्धा किलो भेंडीचं बी मोजत होतो.

बाबांसाठी दोन कामं आहेत, तुम्ही गावाला आलात की लगेच करा. आधारच्या अ‍ॅपवर त्यांचं बायोमेट्रिक लॉक करा, मग अंगठ्यावर पैसे निघत नाहीत. खत न्यायच्या दिवशी थोड्या वेळासाठी उघडावं लागेल, नाहीतर आमचं मशीनही त्यांना ओळखणार नाही. मला त्याची अडचण नाही, थांबू. दुसरं, पीएम किसानच्या नावानं व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल, म्हणजे मोबाइलमध्ये अ‍ॅप टाकणारी फाइल, आली तर उघडू देऊ नका. नाव-गाव सांगून फोन केला की माणूस विश्वास ठेवतो, आणि नाव-गाव तर मीच पुरवून बसलो. पैसे गेलेच तर त्याच घडीला 1930 वर, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करायचा, दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही.

रिव्ह्यू काढा असं म्हणणार नाही. ‘दुकानदार सामील’ हा शब्द मात्र जड गेला. विकलं असतं तर घड्याळापेक्षा जास्त काही मिळालं असतं.

बुधवारी बाजार आहे, या. वही काउंटरवर ठेवतो, बाबांचं पान स्वतः पाहा. कंसातला शब्द आणि नंबर दोन्ही कापले आहेत. पान तेवढं ठेवलं आहे, कारण त्यावर बाकी आहे. किती, ते इथं लिहीत नाही.