पीसीची अर्थिंगची पिन काढायला सांगणारा तो मेसेज

परवा रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला. "मामा, सीपीयूला हात लावला की मुंग्या येतायत." पायात चप्पल नव्हती, फरशी नुकतीच पुसलेली होती. प्लग कसा लावलाय विचारलं, तर म्हणाला, "पप्पांनी टू-पिन लावून दिलीय. ग्रुपवर मेसेज आलाय ना, तसंच केलं." आधी बोर्डावरचं बटण बंद कर, असं सांगून मी गाडी काढली. जुळे सोलापुरातून अशोक चौकाकडे जाईपर्यंत डोक्यात दुसरं काही नव्हतं.

दाजींचा टॉवेलचा कारखाना आहे. मागाच्या मोटरीची अर्थिंग सुटली तर वायरमन येईपर्यंत माग चालू करू न देणारा हा माणूस. त्यांनी घरात स्वतःच्या हाताने पोराच्या पीसीची अर्थिंग तोडली, कारण मेसेजमध्ये तसं लिहिलं होतं. "एवढ्या लोकांनी टाकलंय, खोटं कसं असंल?" हे त्यांचं म्हणणं. म्हणून हे लिहितोय. मी अठरा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतोय आणि हा मेसेज गेल्या महिनाभरात मला पाच ग्रुपांवरून आलाय.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. "गेमिंग पीसी मोठ्या ४के टीव्हीला जोडणाऱ्यांनो सावधान" असं वर लिहिलंय आणि खाली सहा मुद्दे. एक, ग्राफिक्स कार्डावर चौपट लोड येऊन ते सहा महिन्यांत जळतं. दोन, साधी एचडीएमआय केबल चालत नाही, सोन्याचा मुलामा असलेली ८केची महाग केबलच घ्या. तीन, टीव्हीचं पोर्ट जळू नये आणि स्पीकरमधून घरघर येऊ नये म्हणून पीसीच्या प्लगची अर्थिंग काढून टू-पिनवर चालवा. चार, टीव्हीवर गेम उशिराच पळतो, त्याला इलाज नाही. पाच, मुलांचे डोळे कायमचे जातात. सहा, लाईट बिल दुप्पट होतं.

तिसऱ्यापासून सुरू करतो. बाकीच्या पाचांनी फार तर पैसे जातील. तिसऱ्याने माणूस जाईल.

पीसीच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे आतल्या वीज पुरवणाऱ्या डब्यात, वीज आत शिरते तिथेच, दोन छोटे कपॅसिटर असतात. एक फेजपासून बॉडीला, म्हणजे कॅबिनेटच्या पत्र्याला, दुसरा न्यूट्रलपासून बॉडीला. एसएमपीएसचा खरखराट बाहेर लाईनीत जाऊ नये म्हणून ते बसवलेले असतात. त्यांच्यातून किंचित करंट कायम झिरपतो. अर्थिंग असेल तर तो गुपचूप जमिनीत जातो. अर्थिंग काढली की कॅबिनेट फेज आणि न्यूट्रलच्या मधोमध लटकतं, म्हणजे २३० व्होल्टच्या निम्म्यावर, साधारण ११५ च्या आसपास. पोराला मुंग्या आल्या त्या याच्याच. ताईच्या हॉलमध्ये मी मीटरची एक प्रोब कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला आणि दुसरी बोर्डाच्या अर्थिंगच्या भोकात लावली. १०४ व्होल्ट. टेस्टर टेकवला तर त्याचा दिवा मंद पेटला. दाजींना तो दिवा दाखवला. टू-पिन काढून सरळ थ्री-पिन बसवली, मीटर शून्यावर आलं. दाजी बराच वेळ त्या मीटरकडेच बघत होते.

आता कोणी म्हणेल, नुसत्या मुंग्यांनी काय होतंय. हा झिरपणारा करंट थोडाच असतो, त्याने सहसा जीव जात नाही, हे खरं आहे. पण अर्थिंग त्याच्यासाठी दिलेलीच नाही. उद्या एसएमपीएसमधला एखादा पार्ट शॉर्ट झाला, किंवा आतली फेजची वायर घासून पत्र्याला टेकली, तर अख्खे २३० व्होल्ट कॅबिनेटवर येतात. अर्थिंग जागेवर असेल तर त्याच क्षणी जोराचा करंट जमिनीकडे पळतो आणि फ्यूज किंवा एमसीबी उडतो. अर्थिंग नसेल तर काहीच उडत नाही, पंखा फिरत राहतो, गेम चालू राहतो आणि कोणाचा तरी ओला पाय फरशीवर पडेपर्यंत ते कॅबिनेट तसंच थांबून राहतं. आपल्या थ्री-पिनमधली वरची पिन जाड आणि लांब ठेवलीय ती एवढ्यासाठीच. प्लग घालताना ती सगळ्यात आधी टेकते आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटते. ती पिन काढायला सांगणाऱ्याने हे मुलं असलेल्या घरांत पाठवलंय, याचा मला संताप येतो.

आणि ज्या पोर्टाच्या नावाखाली हे सांगितलंय, ते पोर्ट तर यानेच जळतं. टीव्ही बहुतेक टू-पिनचा असतो, त्याला केबलवाल्याची किंवा डिशची वायर लागलेली असते. त्या वायरीची वरची जाळी कुठेतरी गच्चीवर किंवा खांबावर जमिनीला भेटलेली असते. इकडे कॅबिनेट शंभर व्होल्टवर लटकलेलं. अशात टीव्हीच्या मागे हात घालून, अंदाजाने, तिरकी एचडीएमआय घुसवली की तो फरक नको त्या पिनेतून वाहून जातो. माझ्याकडे आलेल्या मेलेल्या पोर्टांच्या कहाण्या बहुतेक याच वळणाच्या असतात, नाहीतर वळवाच्या विजांच्या. चालू स्थितीत केबल जोडता यावी अशीच एचडीएमआयची रचना आहे, त्यासाठी तिच्यात १९ नंबरची वेगळी पिन ठेवलीय. तरीही आपल्याकडच्या जुन्या वायरिंगमध्ये टीव्ही आणि पीसी दोन्ही भिंतीवरून बंद करून मगच केबल जोडा. आणि मे महिन्यात संध्याकाळी आभाळ गडगडायला लागलं की डिशची वायर काढून ठेवा.

घरघरीबद्दल मात्र एक गोष्ट मान्य करावी लागेल, मनाविरुद्ध का होईना. अर्थिंग काढली की स्पीकरमधली घरघर खरोखर जाते. मेसेज पसरला तो त्यामुळेच. लोकांनी करून पाहिलं, आवाज गेला, पुढे पाठवलं. ती घरघर म्हणजे लाईनीतला ५० हर्ट्झचा आवाज. पीसीची जमीन एकीकडून, डिशच्या वायरीची जमीन दुसरीकडून, आणि मधे एचडीएमआय आणि स्पीकरची वायर, असा फेरा तयार होतो आणि त्यातून करंट फिरत राहतो. इलाज फेरा तोडण्याचा आहे, जीव वाचवणारी वायर तोडण्याचा नाही. टीव्ही, पीसी, होम थिएटर एकाच बोर्डावर घ्या. तरी आवाज राहिला तर डिशची वायर टीव्हीपासून काढून बघा. गेला? मग वायर केबलवाल्याची असेल तर तिच्यात आयसोलेटर, म्हणजे हा फेरा तोडणारा छोटा जोड, बसवा. त्याहून सोपं म्हणजे पीसीचा आवाज एचडीएमआयवरून टीव्हीत जाऊ द्या आणि टीव्हीच्या ऑप्टिकल आउटमधून होम थिएटरला न्या. ऑप्टिकलमधून उजेड जातो, तांब्याचा तांब्याशी संबंधच उरत नाही. ताईकडे मी हेच केलं. थ्री-पिन जागेवर आहे आणि घरघर नाही.

अर्थिंगबद्दल आणखी एक. आपल्याकडच्या कित्येक जुन्या घरांत बोर्डाला तिसरं भोक असतं, पण त्याच्या मागे वायरच नसते. वायरमनकडून फेज आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजून घ्या, ते फेज-न्यूट्रलइतकंच यायला हवं. साठ-सत्तर काहीतरी येत असेल तर ती अर्थिंग नावाचीच. मीठ-कोळशाचा खड्डा असेल तर सोलापूरच्या उन्हाळ्यात तो पार कोरडा पडतो, त्यात पाणी घालायला लागतं. आणि मेन बोर्डात ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळायला लागला की लाईट तोडणारं बटण, नसेल तर गेमच्या कीबोर्डआधी ती घ्या.

आता केबल. दाजींनी दुसरा मुद्दाही पाळला होता. एका दुकानातून साडेचार हजारांची "८के गोल्ड" केबल आणली होती. एचडीएमआयचं प्रमाण ठरवणारी संस्थाच केबलची जी वर्गवारी देते, ती एकदा वाचली की हा सगळा बाजार उघडा पडतो. त्यात सोन्याचा वर्ग नाही. प्रीमियम हाय स्पीड म्हणजे सेकंदाला १८ गिगाबिट, ४के ६० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांना, पुरेशी. अल्ट्रा हाय स्पीड म्हणजे सेकंदाला ४८ गिगाबिट, ४के १२० हर्ट्झसाठी. अल्ट्रा हाय स्पीडच्या खोक्यावर स्कॅन करायचं लेबल असणं सक्तीचं आहे, संस्थेच्या ॲपने ते तपासता येतं. केबलला "२.१" असा नंबर देऊन विकायचं नाही, हेही त्यांचंच सांगणं आहे. भाच्याच्या त्या खोक्यावर "गोल्ड" तीनदा होतं, "८के" दोनदा होतं, लेबल नव्हतं. सोन्याचा मुलामा पिनांना गंज चढू नये म्हणून असतो, चित्राशी त्याचा संबंध नाही. चित्र डिजिटल आहे. केबल कमी पडली तर चांदण्या चमकतात किंवा पडदा मधेच काळा होतो. रंग फिके पडले, असं केबलमुळे होत नाही.

त्यातून भाच्याचं ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६६०, म्हणजे पोर्ट एचडीएमआयच्या जुन्या २.० आवृत्तीचं, आणि टीव्ही ६० हर्ट्झचा. ४८ गिगाबिटची केबल त्याच्या काही कामाचीच नाही. १२० हर्ट्झ हवं असेल तर कार्ड आणि टीव्ही दोन्हींचं पोर्ट २.१ आवृत्तीचं आणि केबल अल्ट्रा हाय स्पीड लागते. कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाकडे २.१ चं पोर्ट २०२० मधल्या आरटीएक्स ३० मालिकेपासून आलं. काही टीव्हींवर चारपैकी दोनच पोर्टं त्या वेगाची असतात, तेव्हा टीव्हीचं पुस्तक उघडून बघा.

कार्ड जळण्याच्या मुद्द्यात चौपटीचा आकडा बरोबर आहे. १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके, ३८४० गुणिले २१६० म्हणजे ८२,९४,४००. बरोब्बर चारपट. पण जड गेममध्ये कार्ड साध्या मॉनिटरवरही पूर्ण ताकदीनेच चाललेलं असतं. त्याची वीज किती घ्यायची ही मर्यादा ठरलेली असते, तापलं की ते स्वतःच वेग कमी करतं. ठिपके चौपट झाले की फ्रेम, म्हणजे सेकंदाला मिळणारी चित्रं, कमी मिळतात, एवढंच. मग रिझोल्यूशन १४४० पर्यंत उतरवा, किंवा गेममध्ये एफएसआर, म्हणजे कमी ठिपक्यांचं चित्र मोठं करून दाखवणारं सेटिंग, असेल तर ते चालू करा, त्याच्या आधीच्या आवृत्त्या जुन्या कार्डांवरही चालतात. आणि केबल कार्डाच्याच पोर्टात घाला. मदरबोर्डाच्या पोर्टात घालून "टीव्हीवर गेम चालत नाही" म्हणणारे महिन्याला दोन-तीन येतात.

कार्ड खरंच कशाने मरतं ते मला विचारा. भाच्याचं कॅबिनेट उघडलं तर हीटसिंकच्या पट्ट्यांवर सुताच्या धुळीचा थर बसला होता, नखाने उचलला तर नमद्यासारखा एका तुकड्यात निघाला. शेजारी माग चालतात, खिडकी उघडी, बाहेर बेचाळीस डिग्री. सोलापूरच्या पूर्व भागात, मागांच्या शेजारी राहत असाल तर दर दोन महिन्यांनी ब्लोअर मारा.

गेम उशिरा पळतो त्याला इलाज आहे आणि तो टीव्हीच्या रिमोटवरच आहे. टीव्ही चित्र गुळगुळीत करण्यासाठी फ्रेमा अडवून ठेवतो, त्यात १०० मिलीसेकंदांच्या वरही जातात. ६० फ्रेमांच्या गेममध्ये एक फ्रेम १६.७ मिलीसेकंदांची, म्हणजे बटण दाबल्यावर सहा फ्रेमा उशीर. गेम मोड लावा, बहुतेक टीव्हींवर उशीर २० मिलीसेकंदांच्या आत येतो. इनपुटला "पीसी" असं नाव द्या, अक्षरांच्या कडा स्वच्छ होतात. टास्कबार खाली कापला जात असेल तर चित्राचा आकार "स्क्रीन फिट" किंवा "जस्ट स्कॅन" करा. आणि त्या पोर्टाचं खास सेटिंग चालू करा, नाहीतर काही टीव्ही ४के ६० ला पूर्ण रंग घेतच नाहीत. सॅमसंगमध्ये त्याला इनपुट सिग्नल प्लस म्हणतात, सोनीत एन्हान्स्ड फॉरमॅट, एलजीत अल्ट्रा एचडी डीप कलर.

डोळ्यांबद्दल: पडद्याने डोळे कायमचे जात नाहीत, असं अमेरिकेतली नेत्रतज्ज्ञांची अकादमी स्पष्ट सांगते. ताण येतो तो पापणी कमी लवते म्हणून. वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद बघा. मुलांचा चष्मा वाढतो तो जवळच्या कामाने आणि उन्हात न खेळण्याने. त्या हिशेबाने आठ फुटांवरचा टीव्ही हातातल्या मोबाईलपेक्षा बरा. पोरं तासन्‌तास बसतात ही तक्रार मात्र खरी, ती ताईचीही आहे.

बिलाचा हिशेब दोन ओळींचा. ५५ इंची टीव्ही मॉनिटरपेक्षा साधारण १०० वॅट जास्त ओढतो. रोज दोन तास धरले तर महिन्याला ६ युनिट.

दाजींनी ती केबल परत केली, दुकानदाराने कुरकुरत निम्मे पैसे दिले. रविवारी वायरमन येऊन आरसीसीबी बसवून गेला. खड्ड्यात चार बादल्या पाणी मुरलं, नंतर फेज-अर्थिंग २२८ आलं. तो मीटरचा फोटो दाजींनी स्वतः त्याच ग्रुपवर टाकलाय, खाली लिहिलंय, "तिसरी पिन काढली असंल तर आत्ता लावा."