अंदमानातील शहीद द्वीपावरील (पूर्वीच्या नील बेटावरील) आमच्या निवासाबद्दलच्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार. आपल्या अभिप्रायात चार मुख्य तक्रारी आहेत: परतीची बोट रद्द झाल्याने विमान चुकले, भरतपूर किनाऱ्यावर पोहण्याऐवजी खडक पाहावे लागले, सहालाच अंधार पडला आणि निघताना आमच्या कर्मचाऱ्याने प्रवाळाचा तुकडा बॅगेत ठेवू दिला नाही.

बोटीबद्दल आपला राग समजण्यासारखा आहे. मात्र जूनमध्ये अंदमानात नैऋत्य मोसमी वारे जोरात असतात आणि समुद्र खवळला की सरकारी असो वा खासगी, सर्वच फेऱ्या थांबवल्या जातात. त्यावर कोणत्याही निवासमालकाचे काही चालत नाही. म्हणूनच विमानाच्या आदली रात्र श्री विजयपुरममध्ये, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरमध्ये, काढावी असे आम्ही आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवतो आणि आपल्यालाही कळवले होते. आपण येथे अडकलात त्या रात्रीचे भाडे आम्ही घेतले नाही, याचा उल्लेख आपल्या अभिप्रायात असता तर बरे वाटले असते.

भरतपूरचा किनारा उथळ असून त्याला लागूनच प्रवाळ आहे. ओहोटी लागली की तो उघडा पडतो. तेव्हा पोहणे तर नाहीच, पण त्यावर चालणेही टाळावे, कारण पाय कापतात आणि जिवंत प्रवाळ तुटते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी अधिकच दूर जाते. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकत असल्याने काल सकाळी जमले म्हणून आज त्याच वेळी जमेल असे नसते. स्वागतकक्षातील फलकावर आम्ही दररोज या वेळा लिहितो, त्या पाहूनच दिवस आखावा. लक्ष्मणपूरजवळची दगडी नैसर्गिक कमान मात्र ओहोटीलाच पाहावी लागते, त्यामुळे आपली ती सकाळ तिकडे सत्कारणी लागली असती.

अंधाराचे कारण भूगोलात आहे. भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून ही बेटे सुमारे १० अंश पूर्वेला आहेत, त्यामुळे सूर्य त्या मानाने ४० मिनिटे आधी मावळतो आणि तितकाच लवकर उगवतो. डिसेंबरमध्ये तर पाचच्या सुमारासच सूर्यास्त होतो. येथे पहाटे उठणाऱ्याचा दिवस मोठा. नऊला न्याहारी करून बाहेर पडणाऱ्याची अर्धी सहल हुकते.

प्रवाळाबाबत आमचा कर्मचारी योग्यच वागला. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार या प्रवाळांना संरक्षण आहे, आणि तुकडा वाळूत मृत पडलेला सापडला तरी तो नेता येत नाही. विमानतळावरील तपासणीत तो आढळला असता तर प्रकरण केवळ जप्तीवर थांबले नसते.

खोलीतील मंद इंटरनेटबद्दल आपण लिहिले आहे, ते खरे आहे. कामाच्या बैठका ठरवून येणाऱ्यांनी हे आधीच गृहीत धरावे. पुन्हा येणार असाल तर जानेवारी ते एप्रिल या काळात यावे. तेव्हा समुद्र बहुधा शांत असतो, तरीही विमानाआधीची ती एक रात्र मोकळी ठेवावी.